देहभान : व्यायाम करताना मन कुठं असतं?



कन्हेरी हे नाव मुंबईत घेतलं की लोकांना बोरिवलीची लेणी आठवतात आणि बारामतीत घेतलं की मारुती आठवतो. निवडणूक आली की याच मारुतीपुढं प्रचाराचा नारळ फुटतो, वर्तमानपत्रांत फोटो येतात, त्यामुळं हे देऊळ आता राज्यभर ठाऊक झालं आहे. आम्ही मात्र आज बोलणार आहोत ते मारुतीच्या दुसऱ्या खात्याबद्दल. मारुती हा तालमीचा देव. महाराष्ट्रात तालीम म्हटली की कोनाड्यात किंवा भिंतीवर मारुती असतोच. पण हाच मारुती भक्तीचाही देव आहे. एकाच मूर्तीत शरीराची ताकद आणि मनाची एकाग्रता आपल्या लोकांनी का बघितली असेल? आजचा प्रश्न तिथूनच निघतो. व्यायाम करताना मन कुठं असतं, ते कुठं असायला हवं, आणि याचा विचार आपल्याकडं पूर्वी कुणी केला होता का?

आम्हाला हा प्रश्न सुचला तो एका मुलामुळं. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली तुम्ही रोज पहाटे रस्त्यावर बघता. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. त्या ५० गुणांवर घरची सगळी गणितं बसवलेली असतात. हा मुलगा कानात गाणी लावून पळायचा. त्याची नडगी दुखत होती. किती दिवसांपासून, असं विचारलं तर म्हणाला, "कानात गाणं असलं की कळत नाही." भरतीच्या तोंडावर हाडाला बारीक चीर गेल्याचं निघालं आणि ती भरती हुकली. दुखणं सांगत होतं, पण ऐकायला घरात कुणी नव्हतं, असा तो प्रकार.

आता एक शब्द घेऊ. देहभान. मराठीत हा शब्द एकटा फारसा फिरत नाही. त्याच्यामागं 'हरपणे' येतं, नाहीतर 'विसरणे' येतं. कीर्तनात देहभान हरपलं, खेळताना देहभान विसरलं. 'देहभान राखलं' असं आपण क्वचित म्हणतो. म्हणजे भाषेनं जणू ठरवूनच टाकलंय की देहाचं भान ही सुटण्याची गोष्ट आहे. पण व्यायामाचा इतिहास बघितला तर दुसरी बाजू दिसते. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या व्यायामप्रकारांनी देहभान राखण्याची काही ना काही सोय केलेली होती. आणि ती सोय 'लक्ष दे बरं का' एवढ्या उपदेशाची नव्हती. मन हे मोकाट जनावर, ते सांगून थांबत नाही, त्याला दावं लागतं, हे त्या लोकांना माहीत होतं. कुणी दावं म्हणून आकडा वापरला, कुणी मंत्र, कुणी ताल, कुणी समोरच्याचा हात. आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या दाव्यांचा इतिहास आहे असं समजा.

सुरुवात त्या दुसऱ्या कन्हेरीपासून करू, कारण तिथला धागा सगळ्यात जुना आहे. बोरिवलीच्या लेण्यांत सुमारे हजार वर्षं बौद्ध भिक्खूंची वस्ती होती. शंभराहून अधिक लेणी आहेत. या भिक्खूंच्या परंपरेत 'चंकम' नावाची गोष्ट आहे. संस्कृतात चंक्रमण. म्हणजे ठरावीक वाटेवर, जाऊन-येऊन, सावकाश चालणं. पाली भाषेतल्या अंगुत्तरनिकायात चंकमाचे पाच फायदे सांगितले आहेत. लांबच्या प्रवासाची ताकद येते, साधनेचे कष्ट सोसतात, माणूस निरोगी राहतो, खाल्लेलं नीट पचतं, आणि चालताना लाभलेली समाधी जास्त टिकते. ही यादी पुन्हा एकदा मनात घोळवा. पहिले चार फायदे कुठलाही डॉक्टर सांगेल. पाचवा एकदम मनाकडं जातो. शरीराचा व्यायाम आणि चित्ताचा व्यायाम अशी दोन खाती तिथं नाहीतच. सतिपट्ठान सुत्तात तर चालताना, वळताना, हात आखडताना आणि पसरताना त्याची जाणीव ठेवायला सांगितलं आहे.

त्यातल्या 'सति' या शब्दाला ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द वापरला. पुढं १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी दुखण्यानं आणि ताणानं त्रासलेल्या रुग्णांसाठी याच विचारावर आधारलेला अभ्यासक्रम सुरू केला, आणि त्यात हठयोगाची आसनंही घेतली. तिथून हा शब्द फिरत फिरत आपल्या मोबाइलमधल्या अॅपपर्यंत आला. नातवंड परदेशी शिकून आलं आणि आजीलाच पुरणपोळीची कृती सांगायला लागलं, तशातला प्रकार. पण म्हणून आम्ही 'हे सगळं आमचंच' असं ओरडणार नाही. परत आलेली गोष्ट तपासून घ्यावी, तिच्यात काय राहिलं आणि काय गळलं ते बघावं, हे इतिहासाचं काम.

आता तालमीत येऊ.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लविनोदाचं प्रकरण आहे. मल्लांनी कुठली मेहनत करावी हे तिथं सांगितलंय आणि त्यात खांबावरच्या मेहनतीचाही उल्लेख आहे. पुढं दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. मल्लखांबाचं एक वैशिष्ट्य बघा. गुळगुळीत लाकडी खांब, त्याला एरंडेल चोळलेलं. त्यावर माणूस पायाच्या तिढ्यानं लटकतोय. अशा वेळी मनात घरच्या भांडणाचा विचार आला तर काय होईल? पकड सुटेल. इथं 'लक्ष द्या' असं सांगायला कुणी उभं राहावं लागत नाही, ते काम खांबच करतो.

कुस्तीत हे दावं समोरच्या माणसाच्या हातात असतं. लाल मातीचा हौद. मातीत हळद, तेल, ताक, काव. पहाटे उठून आधी माती उकरायची, मग जोर-बैठका, मग जोडीशी जोर. कुस्ती न खेळणाऱ्याला वाटतं की पैलवान ताकदीवर लढतो. हौदात उतरलेला माणूस सांगेल की ताकद नंतर येते, आधी अंगाला कळावं लागतं. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर गेलं, त्याचा श्वास वाढला का, मानेवरचा हात सैल पडला का, हे डोळ्यांना दिसण्याआधी कातडीला कळतं. हे देहभान दुहेरी आहे, आपल्या अंगाचं आणि दुसऱ्याच्या अंगाचं. आणि हौदाच्या कडेला वस्ताद बसलेला असतो. कोण मनापासून करतोय आणि कोण अंग चोरतोय हे त्याला पाठीकडूनही कळतं. 'अंग चोरणे' हा किती नेमका शब्द आहे. अंग तिथं आहे, पण माणसानं ते आतल्या आत लपवून ठेवलंय.

समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात जागोजागी मारुतीची स्थापना केली, त्यांतले अकरा मारुती प्रसिद्धच आहेत. नाशिकजवळ टाकळीला समर्थ रोज बाराशे नमस्कार घालत आणि नदीच्या पाण्यात उभं राहून नामजप करत, असं परंपरा सांगते. बाराशे हा आकडा खरा किती, हा वाद आपण बाजूला ठेवू. परंपरेनं ही दोन कामं एकाच माणसाच्या, एकाच दिवसाच्या दिनक्रमात बसवली, हे महत्त्वाचं आहे.

पण तालमीचा गौरव करताना एक सांगायला हवं. तालमीत आकड्याचं वेडही होतं. हजार जोर, दोन हजार बैठका. आकडा हे चांगलं दावं आहे, मन मोजण्यात गुंतलं की इकडंतिकडं जात नाही. पण तोच आकडा डोक्यावर बसला की गुडघा काय म्हणतोय ते ऐकू येत नाही. त्या भरतीच्या मुलाच्या कानात गाणं होतं, जुन्या काही पैलवानांच्या कानात आकडा होता. एवढाच फरक. दावं जनावराला बांधण्यासाठी असतं, गळफासासाठी नसतं. शिवाय बहुतेक जुन्या तालमींचं दार बायकांना बंद होतं, हेही विसरून चालणार नाही.

आता नीरा ओलांडून, फलटणच्या पुढं, सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊ. तिथले राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, मृत्यू १९५१. यांची गोष्ट मोठी मौजेची आहे. तरुणपणी त्यांना व्यायामाचं वेड लागलं ते युजेन सँडोमुळं. सँडो हा त्या काळातला जगप्रसिद्ध बलवान माणूस. बाळासाहेबांनी त्याची पुस्तकं आणि साधनं मागवली आणि साधारण दहा वर्षं त्याच्या पद्धतीनं व्यायाम केला. सँडो स्वतः काय सांगायचा? तर वजन उचलताना मन त्या स्नायूत ठेवा, नुसता हात हलवून उपयोग नाही. म्हणजे गंमत बघा, आपल्या राजाला 'मन घालून व्यायाम कर' हा धडा युरोपातल्या पैलवानाकडूनही मिळाला. इतिहास असाच असतो, वाटा एकमेकींत घुसलेल्या असतात.

पुढं १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडं वळले, आणि मग त्यांनी ते सोडले नाहीत. पुस्तकं लिहिली, संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार आणले, बायकांनीही ते घालावेत असा आग्रह धरला. त्या काळात हे थोडंथोडकं नव्हतं. १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या मदतीनं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं. त्याच्या नावातले दहा मुद्दे म्हणजे नमस्काराच्या दहा स्थिती.

औंधच्या पद्धतीत आमच्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे तो मंत्र. ह्रां, ह्रीं, ह्रूं अशी बीजाक्षरं आणि मित्र, रवि, सूर्य, भानु अशी सूर्याची बारा नावं. बाळासाहेबांचा या अक्षरांच्या उच्चारावर फार भर होता, त्यांच्या नादाचा शरीरावर परिणाम होतो असं ते मानत. ते सगळं आज कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण मंत्र काम काय करतो ते बघा. तोंड गुंतलं, कान गुंतला. मंत्र म्हणायचा म्हणजे श्वास मोजून सोडावा लागतो, म्हणजे श्वासही गुंतला. आणि प्रत्येक नमस्काराला नाव वेगळं, म्हणजे कितवा नमस्कार चाललाय हे सांगायला माळही नको. मनाला पळायला फटच उरत नाही. श्रद्धा असलेल्या माणसाला ती उपासना आहे, नसलेल्याला ती लक्ष बांधण्याची उत्तम रीत आहे. दोघांनाही धाप लागायच्या आधी कळतं, कारण धाप लागली की उच्चार तुटतो.

मग हेच सूर्यनमस्कार सगळीकडं शाळेत गेले तेव्हा काय झालं? तुम्ही आम्ही सगळ्यांनी ते मैदानावर घातलेत. सर शिट्टी वाजवायचे, "एक... दोन... तीन..." पुष्कळ ठिकाणी मंत्र गळला आणि आकडा राहिला. आणि तो आकडाही आपल्या तोंडात राहिला नाही, तो सरांच्या तोंडात गेला.

इथं ड्रिलबद्दल बोलायला हवं. ड्रिल शाळेत आली ती इंग्रजी अमदानीत, लष्कराच्या वळणानं. तिचे फायदे होते. एका वेळी दोनशे मुलं, एक शिक्षक, साधनं काही नाहीत, तरी व्यायाम होतो. १९३८ मध्ये मुंबई सरकारनं कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी संस्था काढली, तिथून शिकलेले शिक्षक गावोगाव गेले, आणि त्यांनी खरोखर मेहनत घेतली. पण ड्रिलमध्ये लक्ष कुठं असतं? हुकमात. कान सरांकडं, डोळे पुढच्याच्या मानेवर, शरीर हुकमाचं ताबेदार. गुडघा दुखतोय का हे सरांनाही विचारायचं नसतं आणि गुडघ्यालाही सांगायचं नसतं. आमचं मत विचाराल तर देहभान व्यायामातून बाहेर गेलं ते मोबाइल आल्यावर नाही. ते त्याच्या फार आधी, शिट्टीबरोबर गेलं. हेडफोन नंतर आले, रिकामी जागा बघून.

तरी त्याच मैदानावर एक गोष्ट टिकली. लेझीम. लेझीममध्येही शे-दोनशे मुलं एकदम हलतात, पण हुकूम कुणाचा नसतो. हलगी किंवा ढोलाचा ताल असतो आणि हातातल्या चकत्यांचा आवाज. आपली लेझीम चुकली तर ती आपल्यालाच आधी ऐकू येते. चूक सांगणारं साधन स्वतःच्या हातात आहे. म्हणजे ताल बाहेरचा, पण जाब आतला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. या मंडळाच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी व्यायाम आणि खेळ करून दाखवले. जगानं तिथं कवायतीही पुष्कळ बघितल्या असतील. देशी प्रकारांत वेगळं काय होतं ते लेझीम हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

याच काळात एक माणूस निराळाच प्रश्न विचारत होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात ते व्यायाम शिकले आणि नर्मदेकाठी माधवदासजींकडं योग शिकले. म्हणजे अंगात तालीमही होती आणि योगही होता. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि 'योगमीमांसा' नियतकालिक सुरू केलं. योगाच्या क्रिया करताना शरीरात काय घडतं हे त्यांनी क्ष-किरण यंत्र आणि दाबमापक लावून तपासलं. नौलीमध्ये पोटातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे त्यांना आढळलं, आणि त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं. व्यायामानं माणूस दमलाच पाहिजे असं नाही, हा विचार त्यांनी शारीरिक शिक्षणाच्या जगात आणला. पतंजलीकडं त्यासाठी शब्दच आहे, प्रयत्नशैथिल्य. म्हणजे आसन करताना धडपड सैल सोडणं. आता सैल सोडायचं म्हणजे कुठं आवळलंय ते आधी कळायला हवं. देहभानाशिवाय शैथिल्य येत नाही, झोप येते.

पुण्यात १९३७ मध्ये बी. के. एस. अय्यंगार आले. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, मराठी येत नव्हतं, आणि त्याला पुणेकरांना योग शिकवायचा होता. १९७५ मध्ये पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली तोवर त्यांचं नाव जगभर झालं होतं. त्यांच्या पद्धतीत अंगठा कुठं, टाच कुठं, गुडघ्याची वाटी कशी, इतक्या बारीक सूचना असतात. आणि त्यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, दोर, खुर्च्या वापरात आणल्या. लोक त्याकडं आधार म्हणून बघतात. आम्ही त्याकडं दावं म्हणूनही बघतो. तळहाताखाली ठोकळा असला की लक्ष तळहातात राहतं.

आता परत आपल्या भागात येऊ. कारण एक मोठी शंका तुमच्या मनात आली असेल. मारुतीच्या बाजूनं देहभान राखायचं, मग वारीचं काय? तिथं तर देहभान हरपण्याचंच कौतुक आहे.

संत तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. ही पालखी बारामतीहून निघून कन्हेरीच्या शेजारच्या काटेवाडीत येते. तिथं धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढं सणसर, मग बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. जवळपास तीन आठवडे माणसं चालतात. त्यात साठी-सत्तरीची माणसं असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया असतात. त्यांना विचारा, कसं चालता? "चालवतो तोच" असं सांगतील. पण दिंडीत जरा शेजारून चालून बघा. टाळ वाजतोय, मृदंग वाजतोय, पावलं पडताहेत ती त्या लयीत. पावली खेळताना पाय कुठं पडायचा हे पक्कं ठरलेलं आहे. पुढच्या ओळीला धक्का लागत नाही, टाळ चुकत नाही, तुळस कलंडत नाही. मग हरपलं ते काय?

आम्हाला असं वाटतं की हरपतो तो 'मी'. मी किती चाललो, मी कसा दिसतो, मला किती दुखतंय, हा हिशेब हरपतो. पायाचं भान तिथंच असतं, उलट जास्त असतं. म्हणजे तालमीचं देहभान आणि वारीचं देहभान हे एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. पैलवानाचं लक्ष समोरच्याच्या पकडीत असतं आणि वारकऱ्याचं टाळात. दोघंही स्वतःच्या कौतुकात नसतात.

बायकांच्या खेळांतही हेच आहे, आणि त्याचा व्यायामाच्या इतिहासात कुणी फारसा उल्लेख करत नाही. मंगळागौरीची फुगडी घ्या. दोघींनी हात तिढ्यात धरले, पाय जवळ, अंग मागं सोडलं आणि गरगर फिरल्या. एकीचं लक्ष उडालं तर दोघी पडणार. पैलवानाच्या पकडीत आणि या हातांत फरक एवढाच की इथं पाडायचं नाही, सावरायचंय. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत पुणे जिल्ह्यातल्या बायकांचा वाटा मोठा आहे. खुंट्याचा फेरा, श्वास आणि ओवी एका लयीत जातात. दळण हा काही व्यायाम नव्हे, ती मजुरी होती, बिनपगारी. पण थकलेल्या अंगानं लय धरून ठेवायची ही विद्या बायकांनी कुठल्याही आखाड्याशिवाय कमावली.

इथं थोडं थांबून एक कडू गोष्ट बोलायला हवी. आपला हा बारामती-इंदापूरचा पट्टा उसाचा. ऊस तोडायला माणसं बाहेरून येतात. पहाटे फडात शिरलेल्या माणसाला 'शरीराकडं लक्ष द्या' असं सांगणं हा विनोद होईल. त्याचं लक्ष कोयत्यावर असतंच, नसलं तर बोट जातं. पण कंबर दुखते हे कळूनही त्याला थांबता येत नाही. तेव्हा देहभान म्हणजे नुसतं कळणं नव्हे. कळल्यावर थांबायची मोकळीक असणं हाही त्याचा भाग आहे. ती मोकळीक ज्याला आहे त्यानं ती वाया घालवू नये, आणि ज्याला नाही त्याला ती मिळावी म्हणून काही करावं.

शेवटी आजचं विज्ञान काय म्हणतं ते थोडक्यात. १९७७ मध्ये अमेरिकेत मॉर्गन आणि पोलॉक यांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंचा अभ्यास केला. अव्वल धावपटू पळताना श्वास, पाय, थकवा यांच्याकडं लक्ष ठेवून वेग ठरवत होते, आणि साधे धावपटू मन दुसरीकडं रमवत होते. म्हणजे तालमीच्या बाजूनं कौल. पण गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९० च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांत दुसरीच गोष्ट दिसली. हालचाल करताना स्वतःच्या स्नायूत फार डोकावलं की हालचाल अडखळते, आणि हालचालीचा परिणाम जिथं होतो तिकडं लक्ष ठेवलं की ती सुधारते. हे दोन्ही एकत्र ठेवलं तर काय निघतं? शरीराची खबर घेत राहा, पण त्याच्या कामात नाक खुपसू नका. चांगला शेतकरी पिकात रोज फेरी मारतो, पण रोज रोप उपटून मूळ बघत नाही.

आणि हेच आपल्या जुन्या पद्धतींनी साधलं होतं, असं आमचं म्हणणं आहे. खांबाची पकड, जोडीदाराचा हात, लेझीमचा आवाज, मंत्राचा उच्चार, टाळ. लक्ष बांधलेलं बाहेर आहे, पण तिथून खबर मिळते ती आतली. उच्चार तुटला की श्वास कळतो, आवाज चुकला की पाय कळतो. 'मन लावून व्यायाम कर' असं एकट्या माणसाच्या इच्छाशक्तीवर सोडणं हे नवं आहे. जुन्या माणसांचा इच्छाशक्तीवर तेवढा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी दावी वळली.

भरतीच्या मुलामुलींना आम्ही गाणी टाकून द्या असं म्हणणार नाही. पण आठवड्यातून दोन दिवस कान मोकळे ठेवून पळा. जोडीनं पळा, आणि पळताना शेजारच्याशी एक वाक्य बोलून बघा. वाक्य तुटलं तर वेग जास्त आहे. आपल्या पावलांचा आवाज ऐका. दोन्ही पाय सारखे वाजतात का? एक जड वाजायला लागला तर त्या दिवशी थांबा आणि मैदानावरच्या जाणत्या माणसाला सांगा. आणि जाणती माणसं इथं बसलेली असतील, त्यांना विनंती अशी की किती मिनिटांत आलास हे विचारण्याआधी पाय कसा आहे हे विचारा. वस्तादाचं निम्मं काम त्यात आलं.

तो मुलगा आता पुन्हा पळतो. हळूहळू, आधी चालत, मग पळत. परवा भेटला तेव्हा आम्ही विचारलं, काय रे, कान मोकळे? हसला आणि म्हणाला, "डावा पाय जरा जोरात वाजतोय, म्हणून आज चालतोय."

एवढं बोलून आम्ही थांबतो.